जुना चेनसॉ घेताय? आधी आवाज ऐका

संभाजीनगरच्या आसपास केसर आंब्याच्या जुन्या झाडांची छाटणी करायला सेकंडहँड चेनसॉ बघताय? विकणारा फुल रेस देतो, मशीन कर्कश किंचाळतं आणि आपण खूश! पण थांबा. मोकळ्या रेसला आवाज जरा फाटका हवा. लाकडात घातल्यावर तो साफ व्हावा. नुसताच तीक्ष्ण असेल तर पेट्रोल कमी पडतंय. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पिस्टन कोरडा चालतोय. म्हणून इंजिन थंड असताना सायलेन्सर काढून बघा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर सोडून द्या. घेतलाच, तर आधी एअर फिल्टर साफ करा, मग कार्ब्युरेटरचा ‘एच’ स्क्रू किंचित डावीकडे फिरवा. आणि हो, आयडलला चेन फिरता कामा नये. हात आपलाच आहे!