आरसी बघा, मग पैसे द्या

आम्ही बिडकीनच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

मिरची, पापड बाजाराला न्यायला गटाची गाडी हवी होती. एक जुनी जीप स्वस्तात मिळत होती. मालक म्हणाला, "ताई, इंजिन नवंच टाकलंय!" आम्ही खूश. पण एकीनं आरसी मागितली. आरसीवर पेट्रोल, गाडीत डिझेल. इंजिन नंबरही वेगळा. आम्ही हात आखडता घेतला.

इंजिन बदलणं गुन्हा नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत कळवून आरसीवर तशी नोंद करावी लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात. इंजिन चोरीचं निघालं तर पोलिसांचं झेंगट वेगळंच. शहरातले हौशी लोक जुन्या स्पोर्ट्स कारला नवं इंजिन बसवतात, त्यांनाही हाच नियम. ५० वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी करायची, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी इंजिनासकट मूळ रूपातच लागते.

तर बायांनो, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. रंगावर जाऊ नका.

आमचा माल अजून भाड्याच्या छोट्या हत्तीतून जातो. पण गटाचे पैसे गटातच आहेत.