गाडी हलकी, हिशेब चोख

रेडिओ ऐकत असलेल्या सगळ्या ताई, मावशी, आक्का आणि बचत गटातल्या मैत्रिणींनो, आज आम्ही आमच्या गटाच्या गाडीची गोष्ट सांगणार आहोत. गाडी म्हणजे बॅटरीवरची तीनचाकी मालगाडी. सरकारी कागदात तिला ई-कार्ट म्हणतात. आमच्याकडे सगळे तिला 'ठकी' म्हणतात. गाडी घ्यावी की नाही, असा प्रश्न बऱ्याच गटांकडून येतो. घ्या असंही आम्ही सांगणार नाही आणि नको असंही नाही. आमचं काय चुकलं आणि मग काय जमलं, तेवढं ऐका.

आमच्या गटात अकरा जणी. बहुतेकींची दहा-वीस गुंठ्यांत भाजी. तालुक्याचा बाजार नऊ किलोमीटरवर. टेंपोवाला क्रेटमागे पंचवीस रुपये घ्यायचा आणि त्याच्या सवडीने यायचा. बाजार भरून गेल्यावर आमचा माल पोचायचा आणि पडेल त्या भावाला जायचा. शेवटी गटाच्या बचतीतले ४०,००० आणि बँकेचं १,२०,००० कर्ज अशी जुळणी करून आम्ही गाडी घेतली. चोवीस महिन्यांची मुदत, महिन्याला सुमारे ५,६५० रुपये हप्ता. गाडी दारात आली त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिली चूक केली.

चूक अशी. गाडी दिसायला किरकोळ होती. पत्रा पातळ, मागचा हौदा बुटका. बाजारात कोणीतरी म्हणालं, "ही काय खेळण्यातली गाडी आणली?" ते आम्हाला लागलं. आम्ही वेल्डरकडे गेलो आणि मागे लोखंडी अँगलचा उंच पिंजरा बसवून घेतला. ११,००० रुपये गेले. वर गटाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं. रंग कुठला द्यायचा यावर दोन बैठका झाल्या. पिंजऱ्याचं वजन किती, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. आम्ही समन्वयक म्हणवतो, आम्हीसुद्धा नाही.

आता थोडं दूरचं सांगतो. गटातल्या एकीचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने आम्हाला इंग्लंडमधल्या एका गाडीची माहिती दिली. तिकडे कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची छोटी शर्यतीची गाडी काढली. ती सुट्या भागांच्या पेट्यांमध्ये मिळायची आणि घेणारा घरीच जोडायचा. त्या वेळी तिथे तयार गाडीवर मोठा कर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. एक गंमतही सांगतात. जोडणीचं पुस्तक दिलं तर कर लागेल, म्हणून कंपनी गाडी कशी 'खोलायची' याचं पुस्तक द्यायची. लोक ते शेवटाकडून वाचायचे. १९७३ पासून ती गाडी केटरहॅम नावाची कंपनी बनवते आणि आजही लोक ती घरी जोडतात.

पोरगा म्हणाला, "मावशी, या गाडीचं सगळं मर्म वजनात आहे." आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही ती हलकी. मोठं इंजिन लावण्यापेक्षा वजन कमी करा, हा तिच्या मालकांचा धडा. हलकी गाडी कमी ताकदीत पळते, लवकर थांबते, टायर आणि ब्रेक कमी झिजवते. आम्ही हे ऐकलं आणि एकमेकींची तोंडं बघत बसलो. आमची गाडी हलकीच बनवलेली होती. तिचं वजन पैसे खर्चून वाढवलं होतं आम्ही.

हे समजलं, पण घडायचं ते त्याआधीच घडून गेलं होतं. ते आता सांगतो.

कायद्याने ई-कार्टला ३१० किलो मालाची परवानगी आहे आणि वेग तासाला २५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. टोमॅटोचा भरलेला क्रेट आमच्याकडे बावीस किलोचा. बारा क्रेटचे झाले २६४. म्हणजे मूळ गाडीत बारा क्रेट व्यवस्थित बसत होते. त्यात पिंजऱ्याचे ९२ किलो आले. झाले ३५६. शिवाय पिंजरा आहे म्हणून दोघी जणी क्रेटवर बसून बाजारला जायच्या. साडेचारशेच्या वर गेलं.

नवव्या महिन्यात, सकाळी सहाच्या सुमारास, ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चालवणारीने ब्रेक दाबला. वेग कमी झाला, पण गाडी थांबली नाही. खाली मोरीजवळ वळण आहे. वरचा भार कलला, एक चाक मोरीच्या कडेवरून घसरलं आणि गाडी आडवी झाली. दैव बलवत्तर म्हणून ओढ्याला पाणी नव्हतं. मागे बसलेल्या एकीचं मनगट मोडलं. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये. ती रोजाने जाणारी बाई, रोज बुडला. दवाखान्याचे १४,००० रुपये झाले.

आम्ही विम्याचा अर्ज केला. तो नामंजूर झाला आणि दोन कारणं दिली. गाडीवरचा पिंजरा आरसी बुकात नाही. आणि मालाच्या गाडीत माणसं बसवली होती. आम्ही चिडलो, भांडलो, पण दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की आरसीतल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. गाडीच्या प्रत्येक मॉडेलची रस्त्यावर येण्याआधी तपासणी होते. अशी तपासणी करणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे, एआरएआय. तिथे ब्रेक तपासले जातात ते त्या गाडीच्या वजनाला. आपण वेल्डरकडे जाऊन वजन वाढवलं की ती तपासणी वाया गेली. इंग्लंडातही घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर नेता येत नाही, आधी तपासणी द्यावी लागते.

त्या आठवड्यातली बैठक आम्ही विसरणार नाही. गाडी विकून टाका, असं चौघी म्हणाल्या. चालवणारीचीच चूक, असं दोघी म्हणाल्या. दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा यावर आवाज चढले. बाहेर पुरुष मंडळी म्हणत होती, "बायकांच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?" हात मोडलेली बाई मात्र कोपऱ्यात गप्प बसली होती. शेवटी ती म्हणाली, "पिंजऱ्याला होय म्हणून मीपण बोट वर केलं होतं. गाडीचं काय चुकलं ते आधी शोधा, मग विका." तिथे बैठक वळली. दवाखान्याचा खर्च गटाने दिला. पिंजरा उतरवला. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला तेव्हाच आम्हाला ते ९२ किलो कळले. ११,००० च्या पिंजऱ्याचे अडीच हजार आले.

मग दुसरी चूक सापडली. चारही बॅटऱ्या नऊ महिन्यांतच बसल्या होत्या. वजन हे एक कारण. दुसरं, आम्ही त्यात बोअरचं पाणी फडक्याने गाळून घालत होतो. फडक्याने कचरा अडतो, पाण्यातले क्षार नाही. ते क्षार बॅटरीचा जीव घेतात. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. तिसरं कारण, गाडी पार थांबेपर्यंत चालवायची आणि मग चार्जिंगला लावायची. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला हे सोसत नाही. नव्या बॅटऱ्यांना ३६,००० लागले. तेही बचतीतून काढले. छातीवर दगड ठेवूनच काढले.

आता आम्ही गाडी कशी सांभाळतो ते सांगतो. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

रोज सकाळी चार गोष्टी. टायर हाताने दाबून आणि डोळ्याने बघायचे, आठवड्यातून एकदा हवा मापून घ्यायची. हवा कमी असली की बॅटरी लवकर उतरते. ब्रेक गाडी रिकामी असताना अंगणातच दाबून बघायचा. चाकांचे नट बघायचे. दिवे आणि हॉर्न बघायचे. पाच मिनिटं लागतात.

बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात दर आठवड्याला बघायचं. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं थोडं पाणी आधी घालून मग चार्ज करायचं. मीटरवर तिसरा हिस्सा उरला की घरी परतायचं. आल्यावर अर्धा तास गाडी निवू द्यायची आणि मग रात्रभर पूर्ण चार्ज.

चार्जिंग स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत कधीच नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. चूल, उदबत्ती, विडी लांब. मोकळ्या हवेच्या पडवीत लावा.

बायांनो, आता खास आपल्यासाठी. बॅटरीला हात लावायच्या आधी पाटल्या, अंगठी उतरवून ठेवा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या. सोनं असो की पितळ, दोन टोकांना एकदम टेकलं की ठिणगी उडते आणि हात भाजतो. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळा. पदर खोचा. हातात रबरी मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा, डोळ्यात गेलं तर धुवून थेट दवाखाना. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला तर चार्जर काढून, गाडी बंद करून, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचा. पाणी झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं करून वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. आणि जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. आतलं शिसं लेकरांना फार वाईट. नवी घेताना दुकानदाराला जुनी परत द्या, किंमतही मिळते.

ब्रेकचं काम आमच्यातल्या दोघी मेकॅनिकजवळ बसून शिकल्या. इंग्लंडातलं उलट्या पुस्तकाचं तंत्र इथे उपयोगी पडलं. ड्रम खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा आणि जोडताना फोटो शेवटाकडून बघायचे. तरीही ब्रेक शू बदलले की मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेत नाही.

बदल आम्ही अजूनही करतो, पण हलके आणि काढता-घालता येणारे. पिंजऱ्याच्या जागी दोरी आणि जाळी आली. ऊन लागू नये म्हणून ओलं गोणपाट आणि वर ताडपत्री. मागे चमकणारी पट्टी. क्रेट दोन थरांच्या वर नाही. माणूस मालावर नाही, मग ती अध्यक्ष असली तरी. याहून मोठं काही करायचं मनात आलं तर आधी आरटीओत विचारायचं.

आता हिशेब. एका फेरीला जाताना बारा क्रेटचे वीस रुपयांप्रमाणे २४०, येताना दुकानदारांच्या मालाचे सरासरी २२०. एकूण ४६०. त्यातून चालवणारीचे १००, विजेचे ४०, विमा-टायर-ब्रेकसाठी ३०, आणि बॅटरीच्या डबीत ६०. उरले २३०. महिन्याला सव्वीस फेऱ्यांचे ५,९८०. हप्ता जाऊन ३३० रुपये. हसू नका. डबीतले ६० आम्ही कमाईत मोजत नाही, तीच तर खरी गोष्ट आहे. महिन्याला १,५६० जमतात, दोन वर्षांत नव्या बॅटऱ्या येतात. पहिल्या नऊ महिन्यांत हप्ता फिटतोय म्हणून आम्ही खुशीत होतो, पण गाडी रोज थोडी थोडी झिजते तो खर्च कुठेच लिहीत नव्हतो. गाडी घेणारा गट हप्त्याइतकीच या डबीची तयारी ठेवा.

शेवटचा हप्ता चार महिन्यांपूर्वी फिटला. दुसऱ्या बॅटऱ्यांना एकोणीस महिने झाले, अजून चालू आहेत. आणि गाडीची किल्ली कोणाकडे असते? ज्या बाईचा हात मोडला होता, तिच्याकडे. तिने लायसन्स काढलं, आता ती आठवड्यातले तीन दिवस गाडी चालवते. तेरावा क्रेट घेऊन कोणी आलं तर ती मनगट पुढे करते. बोलावं लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढंच करा. गटाकडे गाडी असो, गिरणी असो की शेवयांचं यंत्र, ते झेपेल तेवढंच चालवतो का, आणि त्याच्या झिजेची डबी आहे का, हे दोन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या भाषणात सांगू. नमस्कार.