बायकांचें दुःख, पुरुषांचे मुखवटे



ग्रीस देशांतील अथेन्स शहराचा सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा नाट्योत्सव आज आम्हीं बोलण्यास घेतला आहे. तेथें द्राक्षवेलीचा देव डायोनिसस याची वसंत ऋतूंत मोठी जत्रा भरे. टेकडीच्या उतारावर हजारों लोक बसत आणि नाटककारांची चढाओढ लागे. त्या रंगभूमीवर बायका होत्या काय? उत्तर सरळ आहे : एकही नव्हती.

शोकनाटकांत बोलणारे नट बहुधा तीन. तेच मुखवटे बदलून राजा, दासी, आई, मुलगी अशीं सारीं सोंगें वठवीत. नाचणारा-गाणारा मेळाही पुरुषांचाच. मग नाटकांत तो बायकांचा का असेना!

आतां तीं नाटकें पाहा. सोफोक्लीसची अँटिगनी राजाचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देते. युरिपिडीसची मीडिया (इ. स. पूर्वीं ४३१) लग्न झालेल्या बाईचीं गाऱ्हाणीं भर रंगभूमीवर मांडते. आरिस्टोफेनीसच्या प्रहसनांत (इ. स. पूर्वीं ४११) लिसिस्ट्राटा बायकांची एकी करते, शहराचा खजिना ताब्यांत घेते व लढाई थांबविते. एवढ्या थोर बाया. पण लिहिल्या पुरुषांनीं आणि बोलल्याही पुरुषांनींच!

पाहावयास तरी बायका बसत काय? याविषयीं विद्वानांत वाद आहे. प्लेटोच्या ग्रंथांत शोकनाटकाच्या श्रोत्यांत बायका धरल्या आहेत. म्हणून कांहीं तरी बसत असाव्यात, असें पुष्कळांचें मत आहे.

बायकांना हें काम झेपलें नसतें, असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस पटत नाहीं. धान्याची देवी डिमीटर हिचा पेरणीच्या सुमाराचा सण बायकाच चालवीत. तेथें पुरुषांना मज्जाव असे. देवळांत पुजारिणी होत्या. मिरवणुकींत मुली डोक्यावर टोपली घेऊन चालत. देवाच्या कामीं बाई चाले. सभेंत मत देण्यास व नाटकांत तोंड उघडण्यास मात्र चालत नसे.

त्या कवींची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. त्यांनीं दुसऱ्याचें दुःख ओळखलें. पण ज्याचें जळतें त्यालाच कळतें. मीडियाचे बोल आजवर टिकले. ते ज्यांच्या दुःखाचे, त्या अथेन्सच्या बायकांचा त्या रंगभूमीवरचा एक शब्दही आपल्यापर्यंत आला नाहीं.

म्हणून, बंधूंनो, घरच्या बाईचें गाऱ्हाणें तिच्या वतीनें सांगण्याची घाई करूं नका. आधीं तिला बोलूं द्या, आणि आपण ऐका.