राबणाऱ्या माणसाची आठवण

(25 सप्टेंबरच्या मेळाव्यात पेण व रोहा तालुक्यांतल्या वाड्यांसमोर केलेलं भाषण. घरच्यांच्या इच्छेवरून आजोबांचं नाव इथे छापलेलं नाही.)



1930 साली आजच्याच दिवशी आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला, जंगल सत्याग्रहावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अक्कादेवीच्या रानात आगरी, कोळी, कातकरी सगळे एक झाले होते. त्यात आपला नाग्या महादू कातकरी होता. तो हुतात्मा झाला.

हुतात्मा म्हटलं की आपल्याला गोळी आठवते. पण गोळी एका दिवसाची. त्याआधीचे दिवस कातकऱ्याच्या घरात कसे जातात, ते आपल्याला कुणी सांगायला नको. लाकूड, गवत, कंद, मध, मासे रानातून आणायचं, तेव्हा चूल पेटायची. 1927 च्या वन कायद्यानं राखीव जंगलातली हीच रोजची कामं गुन्हा ठरवली. घरात खाणारी तोंडं असतात, म्हणूनच माणूस अशा कायद्यापुढे उभा राहतो. नाग्याची आठवण म्हणजे राबणाऱ्या माणसाची आठवण.

म्हणून आज आपण आपल्याच एका माणसाची आठवण काढतोय. यंदाच्या पावसाळ्यात रोह्याकडच्या वाडीतले आपले आजोबा गेले. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही. आपणच बोललं पाहिजे.

पाऊस पडला की आजोबा दळीवर. डोंगरउतारावर नाचणी, वरी. इंग्रजांच्या काळापासून दळी म्हणून आपल्या वाडवडिलांनी कसलेली ती जमीन. खालचा नाला माती नेतो म्हणून दरवर्षी दगड रचून त्यांनी बांध वाढवत नेला. दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबासकट भट्टीवर. कधी कोळशाच्या, कधी विटांच्या. सहा-सहा महिने घर बंद. पण पोरं मोठी व्हायला लागली तेव्हा आजोबांनी त्यांना आजीपाशी वाडीवर ठेवलं आणि दोघं नवरा-बायको एकटी गेली. पोरांची शाळा बुडू नये म्हणून. आजीनं मोळी विकली, पोरांना जेवू घातलं. हे दोघांचं राबणं आहे, एकट्या आजोबांचं नाही.

आणि वाडीसाठी? कुणाच्या घरावर पेंढा चढवायचा, कुणाची बाळंतीण डोलीतून खाली न्यायची, कुणाचं मयत उचलायचं, आजोबा पहिले. मेळाव्याला चालत यायचे आणि मागे बसायचे. भाषण त्यांनी कधी केलं नाही. पण एक काम असं केलं की ते अजून उभं आहे.

वन हक्क कायदा 2006 साली झाला, नियम 2008 साली आले. जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचे दोन पुरावे लागतात. आपल्यातल्या कितीजणांकडे कागद आहे? दंडाची पावतीसुद्धा पावसात भिजून गेली. पण त्याच नियमांत लिहिलंय की गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. अट एवढीच, की जबाब देणारा स्वतः त्या जमिनीचा दावेदार नको. म्हणजे काय? आपल्या जमिनीसाठी आपली आठवण चालत नाही, शेजाऱ्याची चालते. आणि शेजाऱ्याच्या जमिनीला आपली.

आजोबांनी हे एकदा ऐकलं आणि पुरतं ओळखलं. वाडीतल्या एकेकाच्या प्लॉटवर ते समितीबरोबर फिरले. कोणता आंबा कुणाच्या बापानं लावला, कोणती विहीर कोणत्या दुष्काळात खणली, मसणवट कुठे, देव कुठे, सगळं सांगितलं आणि जबाबाखाली अंगठा दिला. आज आजोबा नाहीत, पण तो अंगठा फायलीत आहे. त्यांच्या स्वतःच्या दाव्याला जबाब दिला तो शेजारच्या म्हातारीनं.

आता ऐका. पेणकडे काय, रोह्याकडे काय, म्हातारी माणसं एकेक करून चाललीत. त्यांच्याबरोबर पुरावा चाललाय. म्हणून पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्येक वाडीच्या वन हक्क समितीनं म्हाताऱ्या बायांकडे आणि बाप्यांकडे बसायचं. शिकलेल्या पोरांनी जबाब लिहायचा, वाचून दाखवायचा, मग सही-अंगठा घ्यायचा. बायांना विसरू नका. नाल्याकाठची प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची आहे.

ज्यांचे दावे नामंजूर झालेत त्यांनी घाबरू नये. कारण लेखी मागायचं. कारण न देता दावा फेटाळता येत नाही. कळल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून कुणी उठवू शकत नाही, हे कलम 4(5) मध्ये आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो, हेही तपासून घ्या. आजीचं नाव राहिलं असेल तर तिचं अर्धं राबणं कागदावरून पुसलं जाईल.

आजोबांची दळी आता त्यांचा धाकटा कसतो. बांधाचे दोन दगड यंदाच्या पावसात घसरलेत. वाडीनं ठरवलंय, पाऊस उघडला की सगळ्यांनी जाऊन ते बसवायचे. आजोबांना आपली हीच आदरांजली. दगड बसवायचे, जबाब लिहायचे, जमीन सोडायची नाही.

हुतात्मा नाग्या कातकरी यांना लाल सलाम! जिंदाबाद!