रोजच्या आठवणींची चिकटवही


चिकटवही करायची आहे,
पण तिच्यात लावायचं काय?
हा प्रश्न पडला, तर आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवा.

स्टेशनजवळ त्यांचं घर.
कित्येक दशकं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत.
१९८९ साली निधन होईपर्यंत हे असंच होतं.
घरातल्याच वस्तू ते टेबलावर मांडत.
हवा तसा उजेड पाडत.
आणि फोटो काढत.
या टेबलटॉप छायाचित्रांनी त्यांचं नाव झालं.
विषय घरातच होते.

तुमचेही विषय घरातच आहेत.
एसटीचं तिकीट घ्या.
आजीच्या अक्षरातली किराणा यादी घ्या.
जुन्या लुगड्याचा काठ घ्या.
कानबाईच्या सणाला केलेल्या रोटांचा फोटो घ्या.

एका पानावर एकच आठवण लावा.
खाली तारीख लिहा.
कोण होतं, काय बोललं, तेही लिहा.
बोलणं अहिराणीत झालं असेल,
तर अहिराणीतच लिहा.

एक काळजी घ्या.
मशीनच्या तिकिटावरची अक्षरं काही दिवसांनी उडतात.
त्यावरचा मजकूर शेजारी पेनाने उतरवून ठेवा.

केकी मूस यांचं घर आता कलादालन आहे.
सवड काढून बघून या.
आणि लक्षात ठेवा, विषय घरातच असतात.
आज एक वस्तू निवडा,
एक पान पूर्ण करा.