नक्कल काढण्यापुरती सही

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी तुमच्यातल्या एकीनं विचारलं, “ताई, भाऊ म्हणतो सही दे, सगळे कागद मीच काढून आणतो. द्यायची का?” मी दुसरंच बोलायचं ठरवून आले होते. ते राहू द्या. याचंच बोलू.

काही वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातल्या एक मावशी आमच्याकडे आल्या. शहराच्या कडेचा एक प्लॉट त्यांच्या नावावर होता. गुडघे दुखायचे, कचेरीचे जिने चढवत नसत. पुतण्या म्हणाला, “काकू, तू कशाला हेलपाटे घालतीस? नकला काढण्यापुरतं मुखत्यारपत्र दे, मी बघतो.” दुय्यम निबंधकासमोर जाऊन त्यांनी अंगठा दिला. कागदात वीसेक कलमं होती. नकला काढणं तिसऱ्या कलमात होतं. पुढे कुठेतरी विकणं, गहाण ठेवणं आणि मोबदला स्वीकारणंही होतं. आठ महिन्यांनी तिथं कुणीतरी पाया खणायला लागलं, तेव्हा मावशींना कळलं.

मी विचारलं, “कागद वाचून दाखवला होता का?”

“दाखवला की. पहिलं पान.”

निरक्षर किंवा पडद्यातल्या बाईनं अंगठा दिला, तर तिला मजकूर समजला होता हे कागदाचा फायदा घेणाऱ्यानं सिद्ध करावं, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानलं आहे. पण ते दावा लावल्यावर. मावशींचा दावा अजून चालूच आहे.

आता मला सांगा, पुतण्याला जे कागद आणायचे होते, त्यांतल्या किती कागदांना सही लागत होती? सातबारा कुणीही काढू शकतं, आता घरबसल्यासुद्धा. खरेदीखतासारखे स्थावर मिळकतीचे नोंदलेले दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ सांगतं की, फी भरून ते कुणीही पाहावेत, नक्कल घ्यावी. भावानं काय विकलं हे बघायला भावाची परवानगी लागत नाही! हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

बंद कागद वेगळे आहेत. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात. करणारी व्यक्ती जिवंत असेपर्यंत नक्कल तिला किंवा तिच्या प्रतिनिधीलाच मिळते, वारल्यावर मात्र कुणालाही. पुस्तक ४ मधले दस्त संबंधितांना आणि त्यांच्या प्रतिनिधींनाच मिळतात. बँकेचं खातं, कर्जाची फाईल, आयकराचे कागद हेही खाजगीच. तिथं स्वतः जाता येत नसेल तर कुणाला तरी अधिकार द्यावा लागतो. जरूर द्या, पण त्या कामापुरताच.

अधिकारपत्रात काय लिहायचं? माणसाचं पूर्ण नाव, कार्यालय कोणतं, गट किंवा प्लॉट नंबर, कागद कोणता आणि मुदतीची तारीख. “पाहणे व नक्कल घेणे एवढाच अधिकार. विक्री, गहाण, तडजोड करण्याचा अगर रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नाही.” हे वाक्य जसंच्या तसं घाला. “इत्यादी” आणि “तत्सम सर्व कामे” दिसलं की खोडा. माझा सगळ्यात जास्त राग या ‘इत्यादी’वर आहे. कार्यालयाला स्टँपपेपरवरचा कागद हवा असेल तर तसा करा, पण मजकूर हाच ठेवा.

“२०११ साली सुप्रीम कोर्टानं मुखत्यारपत्रावरची विक्री बंद केली ना?” असं काही जणी म्हणतात. अर्धंच खरं. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, असं तो निकाल म्हणतो. पण तुम्ही विकण्याचा अधिकार दिलेला माणूस तुमच्या नावानं खरेदीखत करून देऊ शकतोच.

दिलेला अधिकार काढून घेता येतो. १८७२ च्या करार कायद्यात तशी सोय आहे. अपवाद एकच मोठा: त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध निर्माण केलेला असला, तर रद्द करणं अवघड जातं. म्हणून “मोबदला मिळाला” असं वाक्य मुखत्यारपत्रात दिसलं तर थांबा. रद्द केल्याचं त्याला कळेपर्यंत त्याचा अधिकार चालूच राहतो. व्यवहार करणाऱ्या तिऱ्हाइताच्या बाबतीतही तसंच. तेव्हा मुखत्याराला लेखी कळवा, कार्यालयाला कळवा, पेपरात जाहीर नोटीस द्या, पोचपावत्या जपा. आणि मागाल तेव्हा हिशोब देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला शिकवलं गेलंय.

सध्या याची घाई का? शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत आली, समृद्धी महामार्ग आला, जमिनीला भाव आला. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीनं, मग २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २००५ आधी वडील वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे आता बहिणीची सही लागते, आणि माहेरची माणसं साडी घेऊन दारात येतात.

अंगठाही आता बदललाय. मोबाईलवर सहा आकडे येतात, “आत्या, तेवढा नंबर सांग गं” म्हणतात, आपण सांगतो. तीही सहीच आहे, आणि तिला तर पहिलं पानही नसतं.

विचारणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर: भावाला आधी विचार, नेमका कुठला कागद हवाय? सातबारा असेल तर आपण आज दुपारी इथंच काढू. बँकेचा असेल तर अधिकारपत्र आपण दोघी मिळून लिहू. कोरे कागद टेबलावर ठेवलेत. जिला जिला लिहायचंय तिनं जेवणानंतर थांबा, आणि येताना आपला गट नंबर घेऊन या.