लीची पत्रं

बेव्हर्ली क्लिअरी या अमेरिकन लेखिकेला दोन मुलांनी वेगवेगळं कळवलं होतं, की आईवडिलांचा घटस्फोट झालेल्या मुलावर पुस्तक लिहा. त्यातून १९८३ साली ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ ही कादंबरी आली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं.

सहावीतला ली बॉट्स कॅलिफोर्नियात आईबरोबर राहतो. बाबा ट्रक चालवतात आणि कुत्राही त्यांच्याच सोबत असतो. ली मिस्टर हेन्शॉ या आपल्या आवडत्या लेखकाला पत्रं लिहितो, मग त्यांच्या सांगण्यावरून रोजनिशी. एकदा फोनवर बाबांशी बोलताना मागून एका मुलाचा आवाज येतो, पिझ्झा खायला कधी निघायचं? बस्स, एवढंच. पण लीच्या पोटात काय कालवलं असेल, ते वाचणाऱ्या मुलाला सांगावं लागत नाही.

एरिक केस्टनरच्या १९४९ च्या जर्मन कादंबरीत जुळ्या बहिणी ताटातूट झालेल्या आईबाबांना पुन्हा एकत्र आणतात. आपल्याकडे १९६८ मध्ये आलेल्या ‘दो कलियाँ’ या हिंदी चित्रपटाची गोष्टही त्याच वळणाची. ती गोड आहेच. पण ज्या घरात असं होणार नाही, तिथल्या मुलाच्या हाती मी क्लिअरीबाईंचं पुस्तक देईन. इथे बाबा परत यायचं म्हणतात, आई नकार देते, आणि तरीही लेखिका दोघांपैकी कुणाला खलनायक करत नाही. लीची गोष्ट पुढे १९९१ च्या ‘स्ट्रायडर’मध्ये वाचायला मिळते. तिथे तो आणि त्याचा मित्र एका बेवारस कुत्र्याचा ताबा आपसात वाटून घेतात.